दहा वर्षं आडव्या ठेवायच्या बाटल्या

पोस्टकार्ड पाठवलं आणि मी विसरून गेलो. उत्तर यायला अडीच वर्षं लागली.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही सांता क्लारात राहत होतो आणि मी चिप बनवणाऱ्या एका कंपनीत प्रोसेस इंजिनिअर होतो. माझं काम भट्ट्यांशी. तापमान किती, वायू किती, किती मिनिटं. कुठलीही पायरी लांबली की वरचे लोक कारण विचारायचे. आमच्या भट्ट्या दुरुस्त करणारा टेक्निशियन साठीला आलेला होता. नौदलात वीस वर्षं काढून इकडे आलेला, बायको वारलेली, बोलणं मोजकं. नवीन माणसाला तो पहिले सहा महिने नमस्कारसुद्धा करत नसे. माझ्याशी का बोलायला लागला, माहीत नाही. बहुधा मी त्याला प्रश्न विचारून त्याच्या उत्तराची वाट पाहायचो म्हणून.

एका रविवारी त्यानं मला जेवायला बोलावलं. माझी बायको तेव्हा एका बाळंतिणीच्या मदतीला शिकागोकडे, शॉमबर्गला गेली होती. त्यानं टेबलावर दोन ग्लास ठेवले. दोन्हींत एकाच मळ्याची वाइन, एकाच जातीच्या द्राक्षांची. एक तीन वर्षांची, एक चौदा वर्षांची.

पहिली मला अजिबात आवडली नाही. कात चघळल्यावर तोंड होतं तसं झालं. दुसरी घेतली आणि मी ग्लास खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

"हिच्यात काय घातलं?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "ती नुसती पडून होती."

हे मला पटायला वेळ लागला. आमच्या धंद्यात माल पडून राहिला म्हणजे बिघडला असंच धरायचे. त्यानं सांगितलं की हा मळा जवळच्याच डोंगरात आहे, लहान आहे, आणि इथली वाइन दुकानात कधी पोचतच नाही. मालकाकडे नावांची यादी आहे. वर्षातून एकदा त्या लोकांना पत्र जातं, आणि त्यांनी घेऊन काही उरतच नाही. यादीत जागा कधी होते, असं मी विचारलं.

"कुणी मेलं की. किंवा डॉक्टरनं पिणं बंद करायला सांगितलं की."

त्याच्याकडून पत्ता घेऊन मी पोस्टकार्ड टाकलं.

ते पत्र आलं तेव्हा बायकोनं ते फोडलं. कागद जाड, साईसारख्या रंगाचा होता.

"कुणाचं लग्न आहे?" म्हणत तिनं वाचायला सुरुवात केली, मग थांबली. "आपलं नाव यादीत घेतलंय म्हणे. सहा बाटल्या आपल्यासाठी राखून ठेवल्यात. आपण कधी मागितल्या होत्या?"

मी सांगितलं. तिनं पत्र दोनदा वाचलं आणि फ्रीजवर लावून ठेवलं.

आमच्या घरी दारू नव्हती. शनिवारी मराठी मंडळी जमली की पुरुष गराजमध्ये व्हिस्की घेत, बायका आत स्वयंपाकघरात बसत. मी पाहुण्यासारखा एक बिअर हातात धरून उभा असे. वाइन तिथे कुणाच्या खिजगणतीत नव्हती. एक काका नेहमी म्हणायचे, सरबत प्यायचं असेल तर आत जा. त्यामुळे सहा बाटल्यांसाठी डोंगर चढून जायचं, हे बायकोला विचित्र वाटलं असणार. तरी ती आली. म्हणाली, ड्राइव्ह छान असेल.

रस्ता वळणावळणाचा होता आणि वर धुकं होतं. मालक उंच, वाकलेला माणूस. स्वेटरच्या कोपराला भोक पडलेलं. त्यानं आमचं नाव यादीत शोधलं, खोका स्वतः उचलून गाडीत ठेवला आणि आम्हाला पावाचे दोन तुकडे दिले. मग खिडकीशी वाकून म्हणाला, "आडव्या ठेवा, म्हणजे बूच ओलं राहील. अंधार हवा, गारवा हवा. हलवू नका. आणि दहा वर्षं उघडू नका."

खाली उतरताना बायकोनं मागे वळून खोक्याकडे पाहिलं.

"दहा वर्षं?" ती म्हणाली.

"तसं म्हणाला."

"तोवर आपण इथे असणार आहोत का?"

पाच वर्षांत परत जायचं हे आम्ही मुंबईहून निघतानाच ठरवलं होतं. तेव्हा सहावं वर्ष चालू होतं. मधे एक छोटं घर घेतलं होतं, तेसुद्धा भाड्यापेक्षा बरं पडतं आणि जाताना विकता येईल असं म्हणून. परतण्याचा विषय आम्ही दोघंही काढत नसू.

"बाटल्या नेता येतील की," मी म्हणालो.

"तिकडे परमिट लागतं."

डोंगर संपून सिग्नल आला तेव्हा ती म्हणाली, "बोळातल्या कपाटात ठेव. तिथे माझं काही नाही."

इथेच राहायचं, हे आमच्या घरात त्या दिवशी ठरलं. त्याआधी किंवा नंतर त्यावर कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या वर्षी आणखी सहा आल्या. त्याच्या पुढच्या वसंतात माझी आई नाशिकला वारली. वडील एकटे पडले, म्हणून त्यांना सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आणायचं ठरलं.

आता वडिलांबद्दल सांगायला हवं. ते दारूबंदी खात्यात इन्स्पेक्टर होते. तीस वर्षं नोकरी, बहुतेक सगळी ठाणे, कुलाबा, नाशिक या पट्ट्यात. हातभट्ट्या शोधायच्या, पिंपं फोडायची, पंचनामे करायचे, कोर्टात साक्षी द्यायच्या. ते स्वतः इतके कडक की खोकल्याचं औषध घेतानासुद्धा बाटलीवरचा बारीक मजकूर वाचायचे. मी लहान असताना ते दौऱ्यावरून आले की त्यांच्या कपड्यांना काळ्या गुळाचा आंबूस वास यायचा. आई ते कपडे वेगळे धुवायची.

ते यायच्या आदल्या दिवशी मी कपाटातल्या दोन खोक्यांपुढे रिकाम्या सुटकेसी रचल्या. बायको दारात उभी राहून बघत होती.

"सांगून टाक ना त्यांना."

"बघू."

"मी यात नाही," असं म्हणून ती गेली. एरवी ती मला अरे-तुरे करायची. वडील आल्यापासून आमच्याकडे "अहो" सुरू झालं.

वडिलांचे पहिले तीन महिने ठीक गेले. सकाळी ते लांब फिरून यायचे, दुपारी पेपर वाचायचे. आईबद्दल ते बोलत नसत. मीही विचारत नसे. सप्टेंबरात ऊन वाढलं. आमच्या घराला एअर कंडिशनर नव्हता. वर्षातले दहा दिवस तो लागायचा, म्हणून कुणी बसवत नसे. त्या वर्षी ते दहा दिवस ओळीनं आले. बाहेर फिरणं बंद झालं म्हणून वडील घरातल्या घरात बोळातून येरझारा घालायचे.

एका रविवारी दुपारी मी पंखा दुरुस्त करत होतो, बायको भाजी चिरत होती. वडील बोळात थांबले. मग दोन पावलं मागे आले, पुन्हा थांबले.

"या कपाटात द्राक्षाची दारू आहे," ते म्हणाले. "आणि एक बाटली गळते आहे."

आम्हाला दोघांनाही कसलाही वास येत नव्हता. बायकोनं सुरी खाली ठेवली. "अहो, काढा आता बाहेर."

मी सुटकेसी बाजूला केल्या. खोके ओढले. पहिल्या खोक्यात सगळं ठीक होतं. दुसऱ्यात एका बाटलीचं बूच टोपीसकट वर सरकलं होतं, आणि पुठ्ठ्यावर रुपयाएवढा लाल डाग होता. वडिलांनी डागाकडे पाहिलं नाही. त्यांनी कपाटात हात घालून मागच्या भिंतीला तळवा लावला.

"ही पश्चिमेची भिंत. दुपारभर तापते. कुणी ठेवला इथे माल?"

"मी."

"इंजिनिअर ना तू?"

मला वाटलं एवढ्यावर भागलं. पण ते तिथेच उभे राहिले.

"लपवलंस कशाला?"

"तुम्हाला आवडलं नसतं, अप्पा."

"नसतंच आवडलं. आताही आवडलेलं नाही. पण तीस वर्षं माणसं माझ्यापासून हेच लपवत आली. मी गावात शिरलो की दारं बंद व्हायची. आता मुलाच्या घरातही..." ते खोलीत गेले आणि संध्याकाळच्या चहापर्यंत बाहेर आले नाहीत.

चहानंतर मी ती गळकी बाटली सिंकशी नेऊन उघडली. वडील दारात येऊन उभे राहिले. वास करपलेल्या मुरांब्यासारखा होता. मी चमचाभर चाखली आणि सगळी ओतून दिली.

"गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"शेकडो पिंपं ओतली मी," ते म्हणाले. "मालकाला स्वतःच्या हातानं ओतताना आज पहिल्यांदा पाहिलं."

हे बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तेव्हा ते घराभोवती फिरून भिंतींच्या तळाशी असलेल्या हवेच्या जाळ्या तपासत होते. आमच्या त्या भागातली घरं जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच बांधलेली असत आणि खाली पोकळी असे, सरपटत जाण्याइतकी. आमच्या झोपायच्या खोलीतल्या कपाटाच्या तळाशी एक फळी होती, ती उचलली की खाली जाता यायचं. मी घर घेतल्यापासून एकदाच उतरलो होतो. वडिलांनी माझा थर्मामीटर दोरीला बांधून खाली सोडला आणि तीन दिवस सकाळ-दुपार वर ओढून पाहिला. वर घरात तापमान नव्वद फॅरेनहाइटच्या पुढे जात होतं. खाली तीन दिवसांत जेमतेम दोन अंशांचा फरक पडला.

"हातभट्टीवाले वैतरणेच्या पात्रात वाळूत पिंपं पुरायचे," त्यांनी मला सांगितलं. "भर मे महिन्यात काढली तरी गार. आम्हाला सापडायची नाहीत. वाळू आण."

शनिवारी मी वाळूच्या आठ पिशव्या आणल्या. माझी जुनी ट्रॅक पँट घालून, बॅटरी हातात घेऊन सहासष्ट वर्षांचे वडील माझ्या आधी खाली उतरले. बायको वर फळीशी बसून एकेक बाटली कापडात गुंडाळून खाली द्यायची, मी ती सरपटत नेऊन त्यांना द्यायचो, ते वाळूत आडवी निजवायचे. लेबल वर, तोंड भिंतीकडे. बराच वेळ आम्ही दोघं पोटावर पडून होतो. डोक्यावर पाइप, नाकात मातीचा वास. वडिलांचा चेहरा मला दिसत नव्हता. अशा अवस्थेत त्यांनी मला एक गोष्ट सांगितली.

ते नोकरीत नवीन असताना जव्हारच्या बाजूला एका पाड्यावर धाड घातली होती. एका म्हाताऱ्या बाईच्या झोपडीत जमिनीत पुरलेलं मडकं मिळालं. मोहाची. बाई रडली नाही, हात जोडले नाहीत. एवढंच म्हणाली की नातीच्या लग्नाची आहे, पाच दिवसांवर लग्न आहे, देवाला दाखवल्याशिवाय लग्न लागत नाही.

"मग?" मी विचारलं.

"फोडलं."

वडिलांनी हातातल्या बाटलीभोवती वाळू सारखी केली.

"महिन्याभरानं त्याच रस्त्यानं जात होतो. शिपायाला म्हटलं, जरा थांब. झोपडीत गेलो. विचारलं, लग्न झालं का? म्हातारी म्हणाली, झालं, दुसऱ्या पाड्यावरून मागून आणली. मला बसायला घोंगडी दिली. पाणी दिलं. मी ते प्यायलो आणि निघालो."

"तुम्ही काही बोललात?"

"काय बोलणार? कायदा होता. आजही म्हणेन, कायदा बरोबर होता. त्या दारूनं मेलेली माणसं मी पाहिली आहेत." मग म्हणाले, "पण तिनं ती पिण्यासाठी नव्हती ठेवली. हे मला तेव्हा कळत होतं. कळूनच फोडलं."

वरून बायकोनं विचारलं, "अप्पा, पुढची देऊ का?"

"दे," ते म्हणाले.

अकरा बाटल्या संध्याकाळपर्यंत वाळूत गेल्या. वर आल्यावर त्यांनी आंघोळ केली आणि दोन वाट्या आमटी प्यायले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. नोव्हेंबरात ते नाशिकला परतले. मी त्यांना अजून राहा म्हटलं, पण तिकडे घर बंद होतं आणि इथे दिवस लवकर मावळायला लागला होता. विमानतळावर ते बायकोशी बराच वेळ बोलले. काय, ते तिनं मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्यानंतर ते महिन्याला एक निळं हवाई पत्र पाठवायचे. घर, पाऊस, शेजारी, गुडघे. शेवटी एक ओळ असायची: माल हलवू नकोस. गावातल्या कुणी ते पत्र वाचलं असतं तर काय समजलं असतं, याची त्यांना काळजी दिसत नव्हती. आणखी दोन वर्षं डोंगरावरून सहा-सहा बाटल्या आल्या आणि मी एकट्यानं खाली उतरून त्या लावल्या.

त्याच्या पुढच्या शरदात वडील गेले. फोन पहाटे आला. आम्ही दोघं पोचलो तेव्हा चौथा दिवस होता. शेजाऱ्यांनी सगळं केलं होतं. पाच आठवडे राहून, घर आवरून, किल्ली मामांकडे देऊन आम्ही परत आलो. साचलेल्या टपालात ते जाड कागदाचं पत्र होतं आणि त्याखाली एक छापील कार्ड. मुदतीत उत्तर न आल्यामुळे आपलं नाव यादीतून कमी केलं आहे. पुन्हा इच्छा असल्यास पोस्टकार्ड टाकावं.

बायको म्हणाली, "पत्र लिही. वडील वारले म्हणून सांग. माणूस चांगला वाटला होता."

मी लिहायला बसलो. अर्धं पान झालं. मग वाटलं, त्या यादीत वाट बघणारा जो कोणी असेल त्याला आता पत्र गेलं असेल, आणि त्याच्या बायकोनं ते फोडलं असेल. कागद फाडून टाकला. पोस्टकार्डही टाकलं नाही. हा त्याग वगैरे नव्हता. त्या दिवसांत मला कशाचीच वाट बघण्याची ताकद नव्हती.

दशक संपता संपता माझ्या टेक्निशियन मित्राचं मोठं ऑपरेशन झालं. त्याला तेव्हा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. नाकाच्या मागे, मेंदूला लागून काहीतरी वाढलं होतं, ते काढलं. माणूस वाचला, पण वास गेला. मी भेटायला गेलो तर म्हणाला, "कॉफी आणि गरम पाणी, मला आता सारखंच." आपल्याकडच्या सगळ्या बाटल्या त्यानं एका डॉक्टरला देऊन टाकल्या होत्या.

महिन्याभरानं त्याचा फोन आला. "तुझ्याकडच्या पहिल्या सहांतली एक उघड. मी येतो."

"दहा वर्षं झाली नाहीत अजून. सातच झालीत."

"मला दहा आणि सात सारखंच. तुम्ही दोघं प्या. मला फक्त बसायचं आहे."

रविवारी दुपारी तो आला, काठी घेऊन. बायकोनं वरण-भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर केली होती. मी खाली जाऊन पहिल्या सहांतली एक आणली. बूच अखंड निघालं. तीन ग्लासांत ओतली. त्यानं सवयीनं ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"सांग," तो मला म्हणाला. "कसला वास येतो?"

मला जमेना. मी म्हणालो, चांगला आहे, फळांचा आहे. तो माझ्याकडे बघत राहिला. भट्टीचं रीडिंग मी अंदाजे सांगितलं की असाच बघायचा.

तेव्हा बायकोनं ग्लास उचलला. तोवर तिनं कधी वाइन चाखली नव्हती. बराच वेळ नाकाशी धरला. मग इंग्रजीत सांगायला लागली, अडखळत.

"आमच्याकडे एक फळ असतं, जांभूळ. त्याला इंग्रजीत शब्द नाही. ते खाल्ल्यावर बोटांना जो वास राहतो तो. पिकलेल्याचा नाही, बोटांचा."

"हं," तो म्हणाला.

"विड्याचा डबा असतो. आजोबांचा होता. त्यातली पानं, सुपारी सगळं संपल्यावर रिकामा डबा उघडला की येतो तो." तिनं एक घोट घेतला, तोंड जरा वाकडं केलं, मग पुन्हा वास घेतला. "आणि पेन्सिलला टोक केल्यावरची लाकडाची साल. ती तुमच्याकडेही असते."

"असते."

"आणि आणखी काहीतरी आहे, ते मला कळत नाही."

"ठीक आहे," तो म्हणाला. "तेवढं राहू दे."

त्यानं डोळे मिटले. मी भात वाढून घेतला. मग त्यानं डोळे उघडले, अर्धा ग्लास पाण्यासारखा पिऊन टाकला, आणि वरण दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पेन्सिलीवरून त्याला काहीतरी आठवलं. लहानपणी शाळेत खिडकीशी लावलेलं पेन्सिलींना टोक करायचं यंत्र, ते रिकामं करण्याचं काम त्याच्याकडे होतं, असं काहीतरी. तो इतका वेळ सलग बोललेला मी कधी ऐकला नव्हता. बायको मधे मधे विचारत होती, शाळा कुठे होती, बर्फ पडायचं का.

चारच्या सुमारास मी त्याला घरी सोडलं. दारापाशी काठी टेकवून तो म्हणाला, "तिला म्हणावं, ती बरोबर सांगते." आणि आत गेला.

उरलेल्या बाटल्या आम्ही पुढच्या सात-आठ वर्षांत उघडल्या. काही फार चांगल्या निघाल्या, दोन बिघडलेल्या, बाकीच्या जेवणाबरोबर संपल्या. माझा तो मित्र आणखी तीन वर्षं जगला. बाटली उघडली की बायको त्याला फोन करून वास सांगायची. फोनवर मला फक्त तिचंच बोलणं ऐकू यायचं.